बंगल्यातली आखाजी

वैशाख लागला की मला हर्डीकर साहेबांची आठवण येते. तशी आंब्यांची येते, लिंबाला बांधलेल्या झोक्यांची येते, खापरावरच्या पोळीच्या खमंग वासाचीही येते. पण सगळ्यांच्या आधी साहेबांची. झालं गेलं विसरावं, मन मोठं करावं, असं सांगणारे भले लोक मला आयुष्यात पुष्कळ भेटले. त्यांना भर वैशाखात कुणी नापास केलेलं नव्हतं, एवढंच मी त्यांच्याबद्दल म्हणेन. माझं मन जेवढं आहे तेवढंच आहे आणि त्यात साहेबांची जागा पक्की आहे.

आज मुंबईत वास्तुकलेच्या विद्यालयातल्या ज्या खोलीत बसून मी विद्यार्थ्यांचे नकाशे तपासतोय, तिच्या खिडकीच्या काचांना लढाईमुळं काळे कागद लावलेत. आत उकाडा आहे, डोक्यावरचा पंखा कुरकुरतोय आणि टेबलावर पोरांच्या वर्षभराच्या मेहनतीची भेंडोळी पडलीत. बाहेर व्हरांड्यात तोंडी परीक्षेची वाट पाहत मुलं उभी आहेत. त्यांचे घसे कोरडे पडल्याचं त्यांच्या खोकण्यावरून कळतं. याच व्हरांड्यात मी असाच उभा होतो. मास्तर होऊन आता केस पिकले, तरी वैशाखातल्या दुपारी या व्हरांड्यातून जाताना मी भराभर पाय उचलतो.

मी कोरीटचा. पश्चिम खानदेशात नंदुरबारजवळचं गाव, काळी जमीन, कापूस आणि मिरची. घरं धाब्याची. ज्यांनी धाबं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: मातीच्या जाडजूड भिंती, त्यांवर सातपुड्यातल्या सागाचे सरे, सऱ्यांवर काटक्या, काटक्यांवर लिंबाचा पाला आणि पाल्यावर हातभर पांढरी माती. वर सपाट. उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी शिंपडून त्यावर अंथरुणं टाकायची आणि दिवसा त्याच्याखाली बसायचं. बाहेर उन्हानं कुत्री जीभ काढून पडलेली असताना आमच्या मधल्या घरात, म्हणजे माजघरात, बायका गोधड्या शिवत बसायच्या. यात काही विशेष आहे असं आम्हाला कुणालाच वाटत नसे. विशेष असल्याचं मला मुंबईला आल्यावर कळलं. इथं लोक उन्हाळ्यात घराबाहेर पळतात हे मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला हसू आलं.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक इमारत आखायची असते. कुणी टाउन हॉल आखला, कुणी संस्थानिकाचा राजवाडा. मी खानदेशातल्या शेतकऱ्याचं घर आखलं, धाब्याचं; पण उजेडाची आणि चुलीच्या धुराची सोय नव्यानं केलेलं. थंडीभर खपलो होतो त्यावर. परीक्षक दोन. एक म्हातारा इंग्रज आणि दुसरे हर्डीकर साहेब. साहेबांची मुंबईत मोठी कचेरी होती आणि आमच्या विद्यालयात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. इंग्रजानं माझ्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, ही भिंत एवढी जाड का? मला इतका आनंद झाला! सगळ्या वर्षात हा एकच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी जीव टाकत होतो. मी बोलायला तोंड उघडलं आणि घाबरल्यामुळं घरची भाषा तोंडात आली. 'आमनाकडे ऊन...' एवढंच झालं असेल. साहेब हसले. त्यांनी आपली पेन्सिल माझ्या भिंतीवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "तो प्रश्न अभ्यासक्रमात नाही. पुढं चला."

पुढं काही नव्हतंच. त्या भिंतीतच माझं सगळं होतं. साहेबांनी शेरा दिला की, उमेदवारानं खेडवळ झोपडीची नक्कल केली आहे आणि माती हे बांधकामाचं साहित्य नव्हे. मी नापास.

नापास झालेला मुलगा गावी परततो तेव्हा गावाला ते आधीच कळलेलं असतं. माझे थोरले काका, ज्यांना सगळा गाव जिभाऊ म्हणायचा, त्या साली नवं घर बांधायच्या तयारीत होते. मी शिकायला गेलो तेव्हापासून ठरलेलं की ते घर मी आखायचं. मुंबईला जाताना स्टेशनावर जिभाऊंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, "मन्हं घर तूच बांधजो, बापू." त्या घराचे किती नकाशे मी मनात काढले होते ते माझं मला माहीत. आता ओट्यावर बसून, चारचौघांत, पानाला चुना लावता लावता ते म्हणाले, "नापास व्हयेल मानूसना हातखाल घर बांधू? गाव हासी माले."

आणि मग त्यांनी कुणाला बोलावलं? ज्यानं नापास केलं त्यालाच. एवढ्या मोठ्या मुलाला नापास करतो म्हणजे तो माणूस केवढा मोठा असेल, असा जिभाऊंचा हिशेब. हर्डीकर साहेबांच्या कचेरीतून नकाशे आले. साहेब जागा पाहायला एकदाही आले नाहीत. बंगला उभा राहिला. सिमेंटची सपाट स्लॅब, वितीएवढ्या भिंती आणि पश्चिमेला ओळीनं मोठ्या काचेच्या खिडक्या. मुंबईत पश्चिमेला समुद्र. संध्याकाळी तिकडून वारा येतो आणि जीव थंड होतो. तो समुद्र साहेबांनी टपालानं कोरीटला पाठवला होता. आमच्याकडे वैशाखात पश्चिमेहून जे येतं त्याला आम्ही वारा म्हणत नाही, झळ म्हणतो, आणि ती येते त्या बाजूला आम्ही भोकसुद्धा ठेवत नाही.

पहिल्या उन्हाळ्यातच घरच्यांनी गाशा गुंडाळला आणि सगळे अंगणापलीकडच्या जुन्या घरात आले. बंगला पाहुण्यांसाठी राहिला. मामलेदार यायचे, कापसाचे व्यापारी यायचे, सगळे कापूस निघाल्यावर, थंडीच्या दिवसांत, आणि वाहवा करून जायचे. जिभाऊ बारा महिने गावाला सांगत, बंगल्यात गारेगार शे. कुणी विरुद्ध बोलत नसे. एवढं घर बांधून बसलेल्या माणसाला त्याचं घर भट्टी आहे हे तोंडावर सांगणं आमच्या रीतीत बसत नाही. खरं काय ते एकटी मोठी माय, म्हणजे माझी काकू, बोलायची. ती तोंडाला पदर लावून मला म्हणाली होती, "मिरच्या वाळाडाले बंगला झकास शे, बापू. दोन दिनमा खडखडीत."

पुढल्या साली मी पास झालो. टाउन हॉल आखला, खांबांसकट. मग मास्तर झालो, त्याच विद्यालयात. जिथं ठेच लागली तिथंच मी तंबू ठोकला, आणि तो हट्टानं ठोकला. साहेब तिथं व्याख्यानाला येत. दिव्याच्या यंत्रातून भिंतीवर चित्रं पाडत. रोमची, पॅरिसची आणि मग एकदम कोरीटची. जिभाऊंचा बंगला, हिवाळ्यातल्या सकाळी काढलेला, पुढं जिभाऊ फेटा बांधून. साहेब काठीनं दाखवत म्हणत, उष्ण प्रदेशातील आदर्श निवासस्थान. अंधारात मागच्या बाकावर मी बसलेलो असे. पोरं तो नकाशा पाठ करत आणि परीक्षेत उतरवत. त्याला गुण द्यायचे कुणी, तर मी.

दर मे महिन्याच्या सुट्टीत मी पिशवीत उष्णतामापक घालून खानदेशात फिरायचो. तापीकाठच्या गुजरांच्या माडीच्या घरांत, आमच्या धाब्यांत, वर मोलगी-धडगावच्या डोंगरात कुडाच्या घरांत. भिंतीला यंत्र टांगायचं, तासातासाला पाहायचं आणि लिहून ठेवायचं. लोकांना मजा वाटायची. आमच्याच गावात एक म्हातारा माझ्याजवळ उकिडवा बसला, बराच वेळ पाहत राहिला आणि काळजीनं म्हणाला, "मास्तर, भीतले ताप उना का?" मी म्हटलं, हिला नाही, बंगल्याच्या भिंतीला येतो. तो बिचारा खरंच बंगल्याकडं पाहायला लागला. डोंगरात आमची भाषा चालत नसे, तिथं लोक नुसते हसायचे आणि मला ताक प्यायला द्यायचे.

या सुट्ट्यांमधून एक शाळा निघाली. तापीकाठच्या एका गावात मी ती बांधली, जाड भिंतींची आणि उत्तरेला खिडक्या असलेली. मिरचीच्या हंगामात मुलं शाळेत येत नाहीत, पण उन्हाळ्यात दुपारी सुट्टी असली तरी तिथं येऊन झोपतात, असं तिथल्या मास्तरांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं. माझ्या कामाची यापेक्षा मोठी तारीफ अजून कुणी केलेली नाही.

त्याच अभ्यासावरून मी विद्यालयापुढं मागणी ठेवली: आपल्याकडच्या मातीच्या घरांचा विषय अभ्यासक्रमात घ्या. समितीवर साहेब होते. त्यांनी माझा सगळा गठ्ठा न उघडता बाजूला सारला. माती हे साहित्य नव्हे, तेच वाक्य, तोच आवाज. मधे किती उन्हाळे गेले होते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन मी नळाखाली डोकं धरलं आणि तिथंच, पाणी गळत असताना, मला आखाजी आठवली.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. पण खानदेशात हा नुसता सण नव्हे, तो वैशाखाचा मुकुट. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात. पितरांसाठी पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. आमरस आणि खापरावरच्या पोळ्या. दुपारी पुरुष पत्ते मांडतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी काही म्हणत नाही. मी साहेबांना आखाजीचं आमंत्रण दिलं. गोड बोललो. म्हटलं, साहेब, एवढा नावाजलेला बंगला आपण अजून डोळ्यांनी पाहिला नाहीत, जिभाऊंचा जीव तुटतोय. साहेब खूश झाले. ते म्हणाले, "पाटील, तुम्ही मनात काही ठेवत नाही हे चांगलं आहे." मी मान डोलावली.

आमच्याकडे पाहुण्याची एक रीत आहे. मोठा पाहुणा जेवला की त्याला घरातल्या उत्तम खोलीत न्यायचं आणि तो उठेपर्यंत घरधन्यानं त्याच्याजवळ बसायचं. त्याला एकट्याला टाकून जाणं म्हणजे अपमान. पाहुण्यानं ती खोली सोडून दुसरीकडे जाणं म्हणजे घराचा अपमान. मला दुसरं काहीही करायचं नव्हतं. मी फक्त रीत पाळली जाईल एवढं पाहिलं.

नंदुरबार स्टेशनावरून बैलांच्या दमणीत बसून साहेब आले ते सकाळी, ऊन चढायच्या आत. बंगल्यापुढं उभे राहून त्यांनी मान मागं टाकून तो पाहिला आणि जिभाऊंच्या पाठीवर हात ठेवला. जिभाऊंचे डोळे भरून आले. मोठी माय पोळ्यांवर पोळ्या वाढत राहिली. रसाच्या वाट्या तिनं रिकाम्या होऊ दिल्या नाहीत. जेवणं उरकली तेव्हा ऊन डोक्यावरून पश्चिमेला कलायला लागलं होतं. साहेबांना बंगल्याच्या दिवाणखान्यात नेलं. तिथल्या मिरच्या आदल्या दिवशी काढल्या होत्या, पण त्यांचा ठसका कुठं जातो? गादी, लोड, तक्क्या. जिभाऊंनी पाहुण्याच्या मानासाठी, आयुष्यात पहिल्यांदाच, वैशाखात पश्चिमेच्या खिडक्या सताड उघडल्या.

मी दोघांच्या मधल्या भिंतीवर माझं उष्णतामापक टांगलं. म्हटलं, साहेब, अभ्यास म्हणून. आणि समोर जुन्या घराच्या ओसरीत, दाराच्या आड, मातीला पाठ लावून बसलो. तिथून दिवाणखाना सगळा दिसत होता.

पुढची दुपार मी जन्मभर जपून ठेवलीय. साहेबांनी आधी टोपी काढली. मग कोट. मग कॉलर. जिभाऊ फेटा काढू शकत नव्हते, घरधनी ना ते! त्यांच्या कानामागून घामाची धार मानेत उतरताना मला तिथून दिसत होती. ते त्यांच्या शाळेतल्या मराठीत म्हणाले, "कसं साहेब, हवा चांगली लागते ना?" साहेब शिंकले, डोळे पुसले आणि म्हणाले, "उत्तम. म्हणून तर खिडक्या तिकडं ठेवल्या." जिभाऊंना वाटत होतं, ज्यानं घर आखलं त्याला कसं सांगावं. साहेबांना वाटत होतं, ज्यानं बांधून घेतलं त्याच्यासमोर कसं कबूल करावं. वरून स्लॅब तव्यासारखी तापत होती. ओट्यावर पत्त्यांचा आरडाओरडा चालला होता, दरवर्षी जिभाऊ त्यात सगळ्यांच्या वर ओरडायचे. साहेबांचे डोळे पुनःपुन्हा भिंतीवरच्या यंत्राकडं जात आणि परत येत. मी रांजणातलं पाणी घेऊन गेलो, नम्रपणे विचारलं, "आणखी काही?" दोघंही एकदम म्हणाले, "नको."

पहिले जिभाऊ फुटले. बैल पाहून येतो म्हणून ते उठले आणि तडक जुन्या घराच्या दाराशी आले. दारात मोठी माय उभी होती. धुराची सोय असलेलं स्वयंपाकघर मागितलं म्हणून तिला बंगल्याचा नकाशासुद्धा कुणी दाखवला नव्हता. ती जागची हलली नाही. "आठे कोठे ई ऱ्हायनात?" ती शांतपणे म्हणाली. "बंगला तठे शे तुमना." जिभाऊंनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ते परत फिरले. झोक्यावरच्या पोरी तोंडात पदर घालून हसत होत्या. मला मोठ्या मायेच्या पाया पडावंसं वाटलं.

आणि थोड्या वेळानं साहेब बाहेर आले. हातात कोट, लाल डोळे, शर्ट पाठीला चिकटलेला. झोके थांबले. पत्तेवाले उठून उभे राहिले. साहेब कुणाकडंही न पाहता अंगण ओलांडून सरळ आमच्या मधल्या घरात शिरले. त्यांच्यासाठी मात्र मोठी माय दारातून बाजूला सरली. पाहुणा होता. ते सारवलेल्या जमिनीवर बसले, भिंतीला पाठ टेकली आणि त्यांच्या तोंडातून एक लांब श्वास बाहेर पडला. त्यांच्यामागून जिभाऊ आले आणि दुसऱ्या भिंतीला टेकले. दोघंही बघता बघता झोपले. मी त्यांच्यासमोर जागा बसून राहिलो. मला बरं वाटत होतं. फार फार बरं वाटत होतं आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही.

उन्हं उतरल्यावर साहेबांना जाग आली. त्यांनी आधी तळहातानं भिंत चाचपली, मग दाराच्या चौकटीशी बोटांनी तिची जाडी मोजून पाहिली. खोलीत आम्ही दोघंच जागे होतो. ते हळूच म्हणाले, "पाटील, ही भिंत एवढी जाड का हो?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. उभ्या खानदेशातून पिशवी वाहून ते मी गोळा केलं होतं. तोंडी परीक्षेच्या त्या दिवसापासून ते माझ्या जिभेवर होतं.

"साहेब," मी म्हटलं, "तो प्रश्न अभ्यासक्रमात नाही."

साहेब कोट घेऊन उठले. चहा पिऊन, निरोप घेऊन, संध्याकाळच्या गाडीनं गेले.

जूनमध्ये तो प्रश्न अभ्यासक्रमात आला. ठराव हर्डीकर साहेबांनीच मांडला: माझ्या खानदेशच्या दौऱ्यात मला असं आढळून आलं की, मातीच्या भिंती उष्ण प्रदेशात अत्यंत उपयुक्त असतात. टाळ्या पडल्या. पुढं त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं, चित्रांसकट, आणि त्यात आमचं मधलं घर आहे, मोठी माय दारात उभी आहे, फक्त माझं नाव कुठं नाही. आज टेबलावरच्या भेंडोळ्यांत निम्मी पोरं धाबी आखून आलीत. भिंती जाड आहेत. विचारलं तर कारणही बरोबर सांगतात आणि वर सांगतात, हर्डीकरांचा सिद्धांत.

विषय आला, पोरं शिकली, माझं काम झालं. शहाण्या माणसानं इथं थांबावं. पण या वर्षी मी साहेबांना पुन्हा आखाजीचं आमंत्रण दिलंय. आता ते निवृत्त झालेत, त्यांना वेळ आहे. येतो म्हणाले, चांगले चार दिवस राहीन म्हणाले. फक्त, पाटील, उतरायची सोय तेवढी जुन्या घरात करा. मी हो म्हटलं. मिरच्या अजून बंगल्यातच वाळताहेत. जिभाऊ थकलेत, पण पाहुण्याजवळ बसायची रीत ते मोडणार नाहीत. गावाकडं निघालेल्या माणसाजवळ मी काल जिभाऊंसाठी निरोप दिला: साहेबले बंगलाच आवडस.